खिंडीतला अडसर

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या ओंजळीत वसलेलं एक गाव होतं. गावातून बारमाही ओढा वाहायचा आणि त्या ओढ्याच्या पाण्यावर घरोघरी केळीच्या बागा होत्या. मूल जन्मलं की बागेत केळ लावायची, पाहुणा आला की पान कापायचं, सण आला की घड उतरवायचा, असा तिथला रिवाज. बाहेर जायला वाट एकच. ती डोंगरातल्या अरुंद खिंडीतून खालच्या खोऱ्यात उतरायची.

खालच्या खोऱ्यातही केळीच होत्या. तिथल्या एका हौशी बागायतदाराने परमुलखातून नव्या वाणाचे मुनवे आणले. मुनवे म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं; तीच काढून दुसरीकडे लावतात. या वाणाचा घड म्हणे माणसाच्या उंचीचा व्हायचा. तो घड काही कुणाच्या नजरेला पडला नाही. पण मुनव्यांच्या पोटात बसून एक काळा, लांब सोंडेचा भुंगा मात्र आला. हा सोंडकिडा केळीच्या खोडाला भोक पाडून आत अंडी घालायचा. अळ्या आतला गाभा खात राहायच्या आणि झाड बाहेरून हिरवंगार दिसायचं. मग एखाद्या दिवशी साधी वाऱ्याची झुळूक आली, की घडासकट झाड मधोमध मोडून पडायचं.

बघता बघता खालच्या खोऱ्यातल्या बागा आडव्या झाल्या.

एक दिवस त्या खोऱ्यातला एक म्हातारा काठी टेकत खिंड चढून वर आला. पाटलांच्या ओट्यावर बसला, घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, “पाटील, माझी बाग गेली. शेजाऱ्याचीही गेली. आता तुमची वाचवा. या किड्याला लांब उडता येत नाही. डोंगर ओलांडायची त्याची ताकद नाही. त्याला माणूस नेतो. मुनव्यातून नेतो, खोडातून नेतो, पानाच्या भाऱ्यातून नेतो. तेव्हा आमच्याकडचं केळीचं काही म्हणजे काही आत घेऊ नका.”

पाटील म्हणाले, “बाबा, पण लोक सोयरेधायरे आहेत. आणतील की.”

म्हातारा म्हणाला, “आम्ही आणलं तरी घेऊ नका. रडून दिलं तरी घेऊ नका.”

पाटील समजूतदार माणूस. त्यांनी त्याच संध्याकाळी गाव बोलावला आणि खिंडीत पहारा बसवायचं ठरवलं. माणसांना ये-जा मोकळी, पण केळीचा मुनवा, खोड, पान, घड काहीही खालून वर यायचं नाही. आलंच तर तिथल्या तिथे जाळायचं. खिंडीत सागाच्या वाशाचा अडसर घातला, बाजूला एक खोपी उभारली आणि राखणीला कुणाला बसवायचं याचा विचार सुरू झाला. विचार करायला फार वेळ लागला नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, रायाजी.

रायाजी सरळ माणूस. तोंडाने तिखट, पण हात स्वच्छ. त्याने मनावर घेतलं म्हणजे घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्याचा साडू केळ्यांचा घड खांद्यावर टाकून हसत हसत आला. रायाजीने त्याला खोपीत बसवलं, गूळपाणी दिलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत घड आगीत टाकला. साडू तिथूनच मागे फिरला. रायाजीची बायको त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पुढ्यात ताट आपटायची आणि आत निघून जायची. एकदा गुरवाने खालच्या देवळातला प्रसाद केळीच्या पानात बांधून आणला. रायाजीने प्रसाद पळसाच्या पानावर काढून दिला आणि केळीचं पान जाळलं. गुरव म्हणाला, “देवाच्या पानाला जाळतोस?” रायाजी म्हणाला, “देवाला विचारलंय मी. तो म्हणाला, पळस चालेल.”

लोक हसायचे, चिडायचे, पण ऐकायचे. खाली केळीचं झाड शोधून सापडेना आणि वर एक झाड पडलं नाही. रायाजी बाजारात दिसला की लोक त्याला वाट द्यायला लागले. हे त्याला आवडायचं. का आवडू नये?

गावात सारजा नावाची एक बाई होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ओढ्याच्या काठाला, पाटलांच्या घराच्या उताराला, तिची लहानशी बाग होती. सारजाचं माहेर खालच्या खोऱ्यातलं. एक दिवस ती माहेरहून परतली ती डोक्यावर ओल्या फडक्यात बांधलेला भारा घेऊन. चढणीवर तिला गावचा एक गाडीवान भेटला. त्याने विचारलं, “काय गं, काय नेतेस?” ती म्हणाली, “मुनवे आहेत.” गाडीवान बैल हाकत खाली निघून गेला.

रायाजीने अडसरापाशी तिला थांबवलं. “सारजे, हे काय?”

सारजाने भारा खाली ठेवला. “दादा, माझ्या बापाच्या हातचं वाण आहे हे. बोटाएवढी केळी येतात, पण साखरेहून गोड. भावाची सगळी बाग पडली. ही एवढीच पिलं धड राहिलीत. तो म्हणाला, तुझ्याकडे तरी जगू देत.”

“नाही गं बाई.”

“बघा तरी. कुठे भोक नाही, डाग नाही.”

“भोक दिसत नाही म्हणूनच भीती आहे,” रायाजी म्हणाला. “बाहेरून हिरवं दिसतं, हेच तर त्याचं कपट आहे.”

सारजा खाली बसली. तिने एकेका मुनव्यावरून हात फिरवला. भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. बराच वेळ गेल्यावर ती उठली. रायाजी भारा उचलायला वाकला तशी म्हणाली, “तुम्ही नको. मीच टाकते.” आणि तिने एकेक मुनवा स्वतःच्या हाताने आगीत ठेवला. ओले मुनवे चरचरले, धूर डोळ्यांत गेला. रायाजीने तोंड फिरवलं. तिचं फडकंही जाळावं लागलं.

“गाव वाचू दे म्हणजे झालं,” एवढं म्हणून सारजा रिकाम्या हाताने खिंड उतरून गावाकडे गेली. त्या वेळी तिथे तिसरं कुणीही नव्हतं.

एक पावसाळा गेला. पाटलांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. स्थळ खालच्या खोऱ्यातलं, मोठ्या घराण्याचं. मुलगी रायाजीने कडेवर खेळवलेली. घरचंच कार्य असल्यासारखा तोही राबत होता. मांडवाला आंब्याचे टहाळे बांधायचे, पंगतीला पळसाच्या पत्रावळी मांडायच्या, असं सगळं ठरलं होतं.

हळदीच्या दिवशी भर दुपारी गाव मांडवात जेवत होता आणि वाट सुनसान होती. खालून व्याह्यांच्या गड्याची एक गाडी आली. गाडीत घडासकट तोडलेली केळीची चार खोडं होती. आणि गाडीच्या पुढे, ती आणायला उतरणीपर्यंत गेलेले, पाटील स्वतः चालत होते.

रायाजी अडसराला हात लावून उभा राहिला. “पाटील, हे?”

“व्याह्यांनी पाठवलंय,” पाटील म्हणाले. “त्यांच्यात रीत आहे. मुलाकडची केळ मुलीच्या मांडवाला लागते. त्यांच्याकडेही खोडं उरली नाहीत. कुठून कुठून शोधून आणलीत.”

“पण पाटील, केळीचं काहीच—”

“मला सांगतोस?” पाटील हळूच म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर रायाजीला सोपं गेलं असतं. “नियम मीच केलाय ना? मला काय कळत नाही? मी नाही म्हटलं त्यांना. दोनदा म्हटलं. ते म्हणाले, आमची केळ तुम्हाला विटाळते, मग आमचं घर कसं चालतं? रायाजी, उद्या वऱ्हाड आलं नाही तर पोरीच्या अंगाची हळद मी कशाने पुसू?”

रायाजी गाडीपाशी गेला. खोडं हिरवीगार होती. त्याने एकेकावर हात फिरवला. तिसऱ्या खोडाला हात लागला आणि बोट चिकटलं. तिथे डिंकासारखा एक पिवळसर थेंब होता, थेंबाखाली मोहरीएवढं भोक.

“पाटील, हे बघा.”

पाटलांनी पाहिलं. लगेच मान फिरवली. “गाडीत घासलं असेल.”

“पाटील...”

“एक दिवसाचा प्रश्न आहे. लग्न उरकलं की माझ्यासमोर जाळून घेतो. झालं?”

रायाजीने त्या दुपारी स्वतःला पुष्कळ काही सांगितलं. चार खोडांनी काय होणार आहे? एका दिवसात किडा कुठे जाणार आहे? पाटलांनी आजवर गावाचं वाईट कधी केलंय? आणि आपण कोण त्यांना अडवणारे? साडूला अडवताना त्याला हे काही सुचलं नव्हतं. सारजाला अडवताना तर नाहीच.

त्याने अडसर उचलला. गाडी मागच्या बाजूने पाटलांच्या परसात गेली. गावाने खोडं पाहिली तेव्हा पाटलांनी सांगितलं की आपल्याच बागेतली आहेत. कोण खोटं म्हणणार?

लग्न झोकात झालं. मुलगी सासरी गेली. पाटील दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. मांडव उतरवणाऱ्या गड्यांनी खोडं उचलून घरामागच्या शेणखताच्या खड्ड्यात टाकली. रायाजी एकदा तिकडून गेला तेव्हा त्याला ती पडलेली दिसली. जाळायला सांगावं म्हणून तो पाटलांच्या दारापर्यंत गेला. आत पाटलीणबाई लेकीच्या आठवणीने रडत होत्या. आत्ता कुठे बोलायचं, म्हणून तो परतला. मग पाऊस लागला, खोडं भिजली, त्यांच्यावर शेण पडलं, आणि ती दिसेनाशी झाली. डोळ्यांआड झालेली गोष्ट मनाआड करायला माणसाला किती वेळ लागतो?

पुढच्या हिवाळ्यात सारजाच्या बागेतल्या दोन केळी मोडून पडल्या. पाटलांचा शेणखड्डा तिच्या बांधाच्या अगदी वर होता.

गावात एकच हाहाकार उडाला. चावडीपुढे सगळे जमले. मोडलेलं खोड मधोमध चिरून ठेवलं होतं. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. बायांनी तोंडाला पदर लावला.

“किडा आपोआप आला नाही,” एक जण म्हणाला. “म्हाताऱ्याने सांगितलं होतं, त्याला माणूस आणतो. कुणी आणला?”

तेव्हा गाडीवान उठला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने जे पाहिलं होतं तेच सांगितलं. “मी या बाईला मुनव्यांचा भारा घेऊन चढण चढताना पाहिलंय. तिनेच मला सांगितलं, मुनवे आहेत म्हणून.”

सगळ्यांच्या माना सारजाकडे वळल्या. सारजा गोंधळली नाही. तिला घाबरण्याचं कारणच नव्हतं.

“आणले होते,” ती म्हणाली. “पण खिंडीतच जाळले. माझ्या हाताने जाळले. रायाजीदादा होते तिथे. विचारा त्यांना.”

आणि ती रायाजीकडे वळून निश्चिंत उभी राहिली.

रायाजी उठला. पाटील समोर जाजमावर बसले होते. त्यांची नजर जमिनीला खिळली होती. रायाजीच्या मनात सगळा हिशेब क्षणात झाला. हिने जाळले असं मी म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार: मग किडा आला कुठून? अडसर उचलला कुणी? आणि मग साडू आठवेल, गुरव आठवेल, ज्यांचं ज्यांचं म्हणून मी जाळलं ते सगळे आठवतील, आणि माझ्या तोंडावर थुंकतील. पाटलांच्याही.

“बोला ना दादा,” सारजा म्हणाली.

रायाजीने घसा खाकरला. “भारे पुष्कळ जाळले मी,” तो म्हणाला. “कुणाकुणाचे जाळले... आता आठवत नाही.”

सारजा त्याच्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “आठवत नाही? अहो, मी एकेक मुनवा...”

पुढचं कुणी ऐकलं नाही. आरडाओरडा झाला. लोक कोयते घेऊन ओढ्याकडे धावले. सारजाची सगळी बाग त्यांनी संध्याकाळच्या आत कापली आणि पेटवली. कुणी तिच्या घरावर दगडही टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाठोडं घेऊन सारजा खिंड ओलांडून निघून गेली. जाताना ती अडसरापाशी थांबली नाही आणि खोपीकडे तिने पाहिलंही नाही.

गावाला हायसं वाटलं. कीड जिथून आली ती जागा जळाली, आणणारी बाई गेली, आता भीती कशाची? त्या दिवसापासून कुणी खोड वाजवून पाहिलं नाही, कुणी दुसरीकडे शोध घेतला नाही. त्या आठवड्यात कुणी पाटलांचा शेणखड्डा उकरून पेटवला असता, त्याच्या आसपासच्या केळी तोडल्या असत्या, तरी गाव वाचला असता. हे एका माणसाला ठाऊक होतं. तो रोज सकाळी उठायचा, आज सांगू म्हणायचा, आणि खिंडीत जाऊन बसायचा. पाटील त्याच्याकडे येत नव्हते आणि तो पाटलांकडे जात नव्हता. एकदा दोघे देवळापाशी समोरासमोर आले. दोघांनीही वाट बदलली.

खड्ड्यातलं खत नेहमीप्रमाणे गावाच्या बागांना गेलं. गाड्या भरभरून गेलं.

वैशाखात वारा सुटला. फार मोठा नव्हता; दरवर्षी सुटतो तसाच. पण दुपारपासून गावात कडकड आवाज सुरू झाले. या बागेतून एक, त्या बागेतून एक, मग सगळीकडून. लोक धावत बाहेर आले, आणि काय करावं ते कुणालाच कळेना. टेकू कशाला देणार? घडांनी लगडलेल्या केळी त्यांच्या डोळ्यांदेखत मोडत होत्या. वारा थांबला तेव्हा ओढ्यापासून डोंगरापर्यंत एक झाड उभं नव्हतं. कुणाच्या तरी अंगणातली पोर आपल्या जन्माची केळ पडली म्हणून हमसून हमसून रडत होती.

रायाजी त्या आडव्या बागांमधून चालत चावडीवर आला. लोक सुन्न बसले होते. त्याने कुणी विचारायची वाट पाहिली नाही. मांडवाची केळ, दुपारची गाडी, चिकट थेंब, शेणखड्डा, सारजाने आगीत ठेवलेले मुनवे; सगळं सांगितलं. पाटील मान खाली घालून म्हणाले, “खरं आहे.”

रायाजीला वाटलं होतं, लोक मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हात उचलला नाही. गुरव फक्त म्हणाला, “कधीपासून ठाऊक होतं तुला?”

“पहिल्या दिवसापासून.”

“म्हणजे हिवाळ्यात बोलला असतास तर?”

रायाजीने ‘वाचला असता’ म्हणून मान हलवली. तेव्हा गाडीवान दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला.

सारजाला परत आणायचं ठरलं. ती डोंगरापलीकडच्या एका गावात कुणाच्या तरी शेतावर राबते, असं कळलं होतं. रायाजी म्हणाला, “मी जातो.” कुणी नको म्हटलं नाही, आणि सोबतही कुणी आलं नाही.

ती भेटली तेव्हा खळ्यात धान्य पाखडत होती. रायाजीला पाहून तिने सूप खाली ठेवलं. त्याला बसायला पोतं दिलं, तांब्यात पाणी दिलं. रायाजीने तांब्या तसाच ठेवून हात जोडले. गावाच्या बागा गेल्या, हे सांगितलं. आपण सगळं कबूल केलं, हेही सांगितलं. “सारजे, गाव तुझी माफी मागतोय. घर बांधून देतो म्हणतात. चल परत.”

सारजा म्हणाली, “दादा, तुम्ही माझे मुनवे अडवलेत ते बरोबरच केलंत. बापाचं वाण गेलं, पण त्याचा राग मला कधी आला नाही. लोकांनी बाग कापली. भ्यालेली माणसं काहीही कापतात. तेही मी गिळलं. पण तुम्ही सगळ्यांसमोर ‘आठवत नाही’ म्हणालात ना, त्यानंतर कितीतरी दिवस मी मलाच विचारत होते. खरंच जाळले होते ना मी? की मलाच भास झाला? की एखादा मुनवा पदरात राहून गेला आणि माझ्यामुळेच गावात कीड शिरली? रोज झोपताना मी ते मुनवे एकेक करून पुन्हा जाळत होते.”

रायाजीने जोडलेले हात खाली घेतले.

“तुम्हाला आठवत होतं,” सारजा म्हणाली. “आज कळलं. बरं झालं सांगितलंत.” तिने सूप उचललं. “पाणी प्या आणि दिवस मावळायच्या आत निघा. मी काही येत नाही.”

ती पुन्हा पाखडायला लागली. रायाजी पाणी न पिताच उठला आणि आल्या वाटेने निघाला.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: गरिबाला अडवणारा आणि मोठ्यासाठी उचलला जाणारा अडसर कीड रोखत नाही; आणि गावाचा नाश चुकीपेक्षाही ती चूक झाकणाऱ्या मौनाने जास्त होतो.